जुन्या डिझेल गाडीचा टर्बो ओढत नाही : कामाच्या नोंदी, रत्नागिरी

गाडी २०११ ची. १२४८ सीसीचं कॉमन रेल डिझेल, चार सिलिंडर, ९० पीएस. टर्बो व्हीजीटी, म्हणजे टर्बाइनभोवतीची पाती हलणारा. पाती हलवायला व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर आणि त्या व्हॅक्यूमवर ताबा ठेवणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही. मीटर १ लाख ६८ हजार किमी. गाडी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मिऱ्यावर उभी असते, खारा वारा थेट बोनेटवर.

१८ एप्रिल २०२४

तक्रार अशी: साखरपा सोडून आंबा घाट लागला की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टिकत नाही, दुसऱ्यात रडत चढते. सपाटीला ८० पर्यंत ठीक, पुढे जीव नाही. स्टार्टला त्रास नाही, स्लो (आयडलिंग) एकसारखा, आवाज नेहमीचा. मागून काळा धूर जवळपास नाही. ही शेवटची गोष्ट ठळक लिहून ठेवली, पुढे लागणार आहे.

ताकद अचानक तुटते की मुळातच कमी आहे, हेही विचारून घेतलं. चालत्या गाडीचा दम एकदम गेला आणि चावी बंद करून पुन्हा लावल्यावर परत आला, तर तो बहुतेक लिम्प मोड असतो. बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब) हद्दीबाहेर गेलं म्हणून ईसीयूनेच, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, हात आखडता घेतलेला असतो. इथं तसं नाही. निघाल्यापासूनच कमी, चावीने फरक पडत नाही.

स्कॅनरवर एकच कोड, पी०२९९, बूस्ट कमी. मागितलेला दाब मिळाला नाही एवढंच हा कोड सांगतो, कुणामुळे ते सांगत नाही. तरी तेवढ्यावर ‘टर्बो गेला, कार्ट्रिज (शाफ्ट, चाकं, बेअरिंगचा गाभा) बदला’ असा सल्ला आधी एका ठिकाणी मिळालेला आहे. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे टाकून झालेत, उपयोग शून्य.

इंजिन धुतलेलं नाही आणि तपास संपेपर्यंत धुवायचंही नाही. मिऱ्या–नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणाची लाल धूळ बोनेटखाली सगळीकडे बसली आहे. जिथून तेलकट हवा निसटते तिथं हीच धूळ चिकटून काळपट लाल लगदा होतो. प्रेशर वॉशर मारला की हा पुरावा आधी जातो.

१९ एप्रिल

चावी ऑन, इंजिन बंद: बूस्ट सेन्सर १००८ मिलिबार, वातावरणाच्या दाबाचा सेन्सर १००६. दोन्ही समुद्रसपाटीला शोभणारे. पंधरा-वीसच्या वर तफावत असती तर बूस्ट सेन्सर काढून त्याच्या तोंडावरची काजळी साफ करणं पहिलं काम होतं.

डिझेलची बाजू लवकर निकालात निघाली. स्लोला रेल प्रेशरची (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाची) मागणी २७० बार, प्रत्यक्ष २६५ ते २७५. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटरला फरक ३० बारच्या आत. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काढलेल्या डिझेलमध्ये पाणी थेंबभर. पावसाळ्यात कोकणात हे आधी पाहावंच लागतं, पण या गाडीत दोष तिथं नाही.

मग हवा. प्रत्येक सिलिंडर ३१२ सीसीचा आहे, म्हणजे इंजिन दर फेऱ्याला ठरावीक आकारमानाची हवा ओढणारा पंप आहे. मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान माहीत असेल तर सिलिंडरमध्ये किती हवा गेली याचा हिशेब करता येतो, आणि एअर फ्लो सेन्सर किती हवा आत आली म्हणतोय त्याच्याशी तो ताडता येतो. या दोन आकड्यांचं पटतं की नाही, यावर सगळं निदान फिरतं.

आधी या इंजिनाचा भरण्याचा गुणांक काढला, म्हणजे हिशेबाने बसते त्यातली किती हवा खरोखर आत जाते. ईजीआरचा (थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) कनेक्टर काढून तो बंद ठेवला. त्यामुळे पी०४०३ नोंदला जातो, तो नंतर पुसायचा. स्लोला दाब १००५ मिलिबार, तापमान ४० अंश. या स्थितीत ३१२ सीसी हवेचं वजन ३४९ मिलिग्रॅम. सेन्सरवर दिसलं दर स्ट्रोकला ३१४. म्हणजे गुणांक ०.९०. वरच्या आरपीएमला तो थोडा हलतो, पण तुलनेपुरता पुरे. आकडा ०.७ वगैरे आला असता तर एअर फ्लो सेन्सर खोटं बोलतोय किंवा ईजीआर पूर्ण मिटत नाही, असा संशय धरला असता.

रस्त्यावरची नोंद निवळी घाटात घेतली. तिसरा गिअर, १८०० पासून ३२०० आरपीएमपर्यंत पाय पूर्ण दाबलेला. गाडी एकाने चालवायची, फोन दुसऱ्याने बघायचा. स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टरवर वीस चॅनल लावले की प्रत्येक आकडा दोन-तीन सेकंदांनी येतो आणि नेमकं हवं ते निसटतं. म्हणून सहाच लावले: आरपीएम, बूस्टची मागणी, प्रत्यक्ष बूस्ट, हवेचं वजन, हवेचं तापमान, सोलेनॉइडची ड्यूटी (ईसीयू त्याला किती टक्के चालवतो).

२५०० आरपीएमला मागणी २१२० मिलिबार, प्रत्यक्ष १४८० (दोन्ही वातावरणाचा दाब धरून). ड्यूटी ८५ टक्क्यांवर जाऊन थांबलेली, म्हणजे ईसीयू जमेल तेवढं मागतोय. तापमान ४५ अंश. हवा ४५० मिलिग्रॅम.

हिशेब: १४८० मिलिबार आणि ४५ अंशांना ३१२ सीसीत ५०६ मिलिग्रॅम हवा बसते, गुणांक लावून ४५५. सेन्सर म्हणतो ४५०. पटलं. जेवढी हवा मोजली तेवढीच सिलिंडरमध्ये जाते, वाटेत मोठी गळती नाही. धूर का नाही तेही कळलं: ईसीयू मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल देतो, हवा खरोखरच कमी आहे म्हणून डिझेलही कमी आणि ज्वलन स्वच्छ.

म्हणजे टर्बो हवा भरतच नाही. कारणं तीन: टर्बोच्या आधी किंवा सायलेन्सरकडे अडथळा, पाती हलत नाहीत, किंवा टर्बो खरंच मोडलाय. इनटेकचं तोंड आणि फिल्टरचा डबा उघडून पाहिला. उंदराचं घरटं नाही, पालापाचोळा नाही. आता पाती.

२२ एप्रिल

व्हॅक्यूम. या इंजिनात व्हॅक्यूम मिळाला की पाती मिटत जातात आणि कमी आरपीएमला बूस्ट चढतं. व्हॅक्यूम नसेल तर पाती उघडी राहतात आणि गाडी जवळजवळ बिनटर्बोची होते. व्हॅक्यूमची कोणतीही गळती ताकद कमीच करते. सगळ्या गाड्यांना हा नियम लागू नाही, उलट मांडणीचेही ॲक्च्युएटर असतात, म्हणून रॉड कुठल्या दिशेला ओढला जातो ते आधी बघावं.

टी जोड लावून गेज बसवला. पंपाच्या तोंडाशी ६६० मिमी पारा, सोलेनॉइडच्या आत येणाऱ्या नळीवर ६४०. दोन्ही चांगले. ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या बाजूला मात्र ड्यूटी चढवूनही २३० च्या वर नाही. ब्रेकचा पेडल कडक नव्हता, त्यामुळे पंप ठीक असणार हा अंदाज होताच; ब्रेकचा बूस्टरही त्याच पंपावर चालतो.

सोलेनॉइडची कॉइल १३.८ ओहम. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, खाऱ्या हवेची देणगी. साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं. वातावरणाकडे उघडणाऱ्या तोंडावरचा बारीक फोम फिल्टर धुळीने जड झालेला, बदलला. तो तुंबला तर व्हॅक्यूम सुटायला उशीर होतो आणि उलटा त्रास होतो, बूस्ट जास्त चढतं. इथला दोष तो नव्हे.

मग हातपंप. थेट ॲक्च्युएटरला लावून ५०० मिमीपर्यंत ओढलं, मिनिटभर काटा जागचा हलला नाही. पडदा शाबूत. आता नळी काढून एक टोक बुजवून दुसऱ्या टोकाने ओढली, तर काटा चार-पाच सेकंदांत शून्यावर. नळी गेलेली. उष्णतारोधक वेष्टण सोडवल्यावर आत उंदराच्या दाताचे दोन ठसे सापडले. बाहेरून वेष्टण धड दिसत होतं, म्हणून कुणाला संशय आला नव्हता. टर्बोजवळचा वीतभर भाग तर उष्णतेने काडीसारखा कडक.

व्हॅक्यूमच्या तिन्ही नळ्या बदलल्या: ४ मिमी आतला व्यास, आत धाग्याची वीण असलेली सिलिकॉन व्हॅक्यूम नळी, एकूण दीड मीटर. काचेवर पाणी मारणाऱ्या वायपरची किंवा फिशटँकची पारदर्शक नळी इथं सर्रास लावलेली दिसते. ती गरम झाली की मऊ पडते, व्हॅक्यूमखाली चपटी होते, आणि दोष असा लपतो की थंड इंजिनावर सगळं बरोबर दिसतं. जुन्या मार्गानेच नळी न्यावी, फक्त एक्झॉस्टपासून चार बोटं दूर.

एक गोष्ट लिहून ठेवली. हातपंपाने हळूहळू ओढताना रॉड १६० मिमीला हलायला लागला, साधारण निम्म्या वाटेवर थबकला आणि ३०० च्या पुढे टुणकन उडाला. शेवटचा टप्पा ४७० ला. सोडतानाही तिथंच अडखळ. पाती चिकट आहेत. पण आज नळी बदलली आहे, तिचा परिणाम आधी मोजायचा. दोन बदल एकाच दिवशी केले तर कशाने काय झालं ते सांगता येत नाही.

२४ एप्रिल

पुन्हा निवळी, तोच गिअर. गाडी स्पष्ट सुधारली. ज्याची गाडी त्याला एवढ्यावरच समाधान वाटलं असतं. पण आता मागून काळा धूर.

२५०० ला मागणी २१२०, प्रत्यक्ष १८५०, तापमान ५० अंश, हवा ६४० मिलिग्रॅम. हिशेबाने १८५० मिलिबारला सिलिंडरमध्ये ५६० च जायला हवी. उरलेली ८० मिलिग्रॅम एअर फ्लो सेन्सरने मोजली, टर्बोने दाबली आणि वाटेत बाहेर गेली. ईसीयूला हे माहीत नाही. तो ६४० च्या हिशेबाने डिझेल देतो, म्हणून धूर. पाच दिवसांपूर्वी दाब इतका कमी होता की ही फट उघडतच नव्हती.

या फरकासाठीच दोन्ही आकडे एकत्र पाहायचे. दाब कमी आणि हवाही कमी, तर अडथळा, पाती किंवा टर्बो. दाब कमी पण हवा भरपूर, तर कंप्रेसरच्या पुढे गळती. नुसत्या बूस्ट गेजवर दोन्ही दोष सारखेच दिसतात.

२६ एप्रिल

गळतीची दाबचाचणी. टर्बोच्या बाहेरचा पाइप आणि मॅनिफोल्डच्या तोंडाचा पाइप दोन्ही सोडवून दोन्ही टोकांना मापाच्या पीव्हीसी एंड कॅप, वरून पोलादी क्लॅम्प. एका कॅपला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. कॅप तारेने जवळच्या ब्रॅकेटला बांधायच्या आणि समोर उभं राहायचं नाही. १ बारलाही त्या गोळीसारख्या सुटतात. रेग्युलेटर १ बारवर. पूर्ण इनटेक एअर फिल्टरकडून भरायची पद्धतही आहे, पण त्यात क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेककडे नेणारी वाट) बंद करावा लागतो, नाहीतर हवा चेंबरमध्ये शिरून ऑइल सीलवर जोर येतो, आणि उघड्या व्हॉल्व्हमधून थोडी गळती कायम असतेच. दोन कॅपची पद्धत स्वच्छ.

०.४ बारपर्यंत काही नाही. ०.७ ला फुसफुस. साबणाचं पाणी लागलं नाही, खाली हात घातल्यावरच कळलं: इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) खालच्या रबरी पाइपाला वळणाच्या आतल्या बाजूने तीन सेंमी चीर. बाहेर तोच लाल तेलकट लगदा. ब्रॅकेटची धार तिथं घासत होती, आतून तेलाने रबर फुगून मऊ झालेलं. दाब नसताना चिरेचे ओठ मिटतात, बोटाला लागतही नाहीत.

इंटरकूलर काढून उलटा धरला, दोन चमचे तेल निघालं. ब्रीदरची वाफ याच वाटेने जाते, इतकं चालतं. पेलाभर निघालं असतं तर टर्बोचं सील बघेपर्यंत गाडी चालवू दिली नसती. ते तेल इंजिनाने एकदम ओढलं तर डिझेल बंद करूनही इंजिन आपल्याच तेलावर पळत सुटतं. तसं झालंच तर ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन मारायचं.

पाइप कोल्हापूरहून मागवला. चिरेवर सायकलची ट्यूब आणि टेप गुंडाळून चाचणी करण्यात अर्थ नाही, आतल्या तेलाने काही धरत नाही.

२ मे

नवा पाइप, ब्रॅकेटच्या धारेवर चिरलेल्या जुन्या नळीचं आवरण. स्क्रूवाल्या साध्या क्लिपऐवजी रुंद पट्ट्याचा क्लॅम्प, पाइपाच्या आतलं तेल ब्रेक क्लीनरने पुसून मगच. तेलकट राहिला तर पहिल्या चढाला सुटतो. १ बारला मिनिटभरात ०.०५ चीच उतरण.

आज आंबा घाट, कारण लांब चढ हवा. साखरप्यापुढे तिसऱ्यात गाडी हवी तशी ओढली, धूर नाही. मग एका वळणातून बाहेर पडताना पूर्ण पाय दिल्यावर धक्का, आणि लगेच सगळा दम गेला. चावी बंद, चालू: परत ठीक. आता हा लिम्प मोड. कोड पी०२३४, बूस्ट जास्त. नोंदीत मागणी २१२०, प्रत्यक्ष २४३०. ड्यूटी खाली आली तरी दाब दीड-दोन सेकंद वरच.

अपेक्षितच होतं. २२ तारखेला रॉड अडखळला तो हाच. नळी फुटकी होती तेव्हा ॲक्च्युएटरला २३० मिमीच मिळत होते, त्यामुळे पाती शेवटच्या अर्ध्या वाटेवर कित्येक महिने फिरकलीच नाहीत आणि तिथं काजळी-गंजाची पायरी झाली. पूर्ण व्हॅक्यूम मिळाल्यावर ती मिटतात आणि उघडायच्या वेळी अडकतात. फाटका पाइप होता तोवर जादा दाब तिथून निघून जात होता.

ॲक्च्युएटरच्या रॉडची चाकी फिरवून बूस्ट कमी करणं हा प्रचलित उपाय. करू नये. धक्का थांबतो, पण खालच्या आरपीएमची ताकद कायमची जाते आणि पाती चिकट ती चिकटच. पात्यांचा स्टॉप स्क्रू तर फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) लावलेला असतो, त्याला हातच लावायचा नाही.

४ मे

टर्बो उतरवला. एक्झॉस्टचे नट आदल्या रात्रीपासून पेनिट्रेटिंग ऑइलमध्ये भिजत ठेवले होते. मिऱ्याच्या गाडीचे नट कोरडे खोलायला गेलं की स्टड तुटणारच. तरी एक तुटलाच, ड्रिल करून काढला.

शाफ्टची हालचाल: मागे-पुढे बोटाला जाणवत नाही, आडवी किंचित, चाक केसिंगला कुठेही घासलेलं नाही. बेअरिंग चांगलं. टर्बाइन केसिंग आणि मधल्या भागावर पंचने खूण करून केसिंग वेगळं केलं. पात्यांच्या कड्यामागे कोरडी काजळी, एका बाजूला लालसर गंज. कार्बन क्लीनरमध्ये भिजवून पितळी ब्रशने साफ. पात्यांवर पॉलिश पेपर नको, फट वाढते आणि खालचं बूस्ट जातं. प्रत्येक पातं बोटाने सुटं फिरतं का पाहिलं; कडं स्वतःच्या वजनाने फिरलं पाहिजे. कंप्रेसरच्या नटाला आणि शाफ्टला स्पर्श नाही, ते बॅलन्स केलेलं असतं. तेल-ग्रीस काहीही लावायचं नाही, पहिल्याच घाटात त्याचा कोळसा होतो.

जोडताना नवी गॅस्केटं, तेलाच्या बँजो बोल्टला नवे तांब्याचे वॉशर. तेल येणारा पाइप आतून तपासला, मोकळा. परतीचा पाइपही, तो तुंबला तर चांगल्या टर्बोचंही सील गळतं. तेलाच्या तोंडातून २५ मिली इंजिन ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवला. इंजेक्टरचे कनेक्टर काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारला, तेलाचा दिवा विझल्यावरच इंजिन सुरू केलं. पाच मिनिटं स्लोला, रेस नाही. नवं तेल आणि फिल्टर.

हातपंपावर रॉड १५० ते ४६० मिमी, अडखळ न घेता.

९ मे

आंबा घाट, तोच चढ. २५०० ला मागणी २१२०, प्रत्यक्ष २०९०, तापमान ५४ अंश. हिशेबाने ६२५ मिलिग्रॅम, सेन्सरवर ६१८. ड्यूटी आता ६० च्या आसपास. गिअर बदलताना शिखर २१९०, सेकंदभरात खाली. कोड नाही, धूर नाही.

कार्ट्रिज जुनंच आहे.

२८ जून

पाऊस लागल्यानंतरची फेरी. चावी ऑनला १००२, पावसाळ्यात इतका उतरतोच. ॲक्च्युएटरपाशी व्हॅक्यूम ६२०. सोलेनॉइडच्या पिना कोरड्या, ग्रीस जागेवर. नव्या व्हॅक्यूम नळीच्या वेष्टणाला दातांचे ताजे ओरखडे, नळीपर्यंत पोचलेले नाहीत. वेष्टणावरून बारीक स्टीलची जाळी गुंडाळली आणि केबल टायने बांधली. स्वच्छतेसाठी ईजीआर उघडला, काजळी मध्यम, साफ केला. तेल पुढे ७५०० किमीवर बदलायचं. तेव्हाच हातपंपाने रॉडची चाचणी, आणि इंटरकूलरच्या खालच्या पाइपावर लाल लगदा दिसतो का ते बघणं.